मामांची सर्दी आणि डुकरांची तब्येत

सर्दी तुमचीच होती, मामा. तुम्ही घरी जाऊन आईपासून सगळ्यांना सांगितलंत की भाच्याच्या खोलीत ओल आहे, तिथून ती तुम्हाला लागली. पण पिशवी खाली ठेवायच्या आधीच तुम्ही दारात शिंकला होतात, आणि दार मी उघडलं होतं, चांगलं तोंड पुढे करून. वर म्हणालात, "ही सर्दी नव्हे, प्रवासाची धूळ." धूळ कधी आठवडाभर शिंकते का? असो. भांडणाच्या भरात नमस्कार राहिला, तो आता घालतो. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असं समजा (लांबूनच). मामींनाही नमस्कार, तुमच्या पदवीधर चिरंजीवाला आशीर्वाद (तो माझ्याहून मोठा आहे हे माहीत आहे, पण पगार माझा चालू आहे). तुमची तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही, या खेपेला खरंच उत्तर हवं आहे. विशेषतः नाकाबद्दल.

माझं काम तुम्ही घरी सांगितलंत तसं 'डुकरं राखणं' नाही. ही संशोधनाची डुकरं आहेत, त्यांचा मान वेगळा. आत जाताना डोक्यावरून अंघोळ, बाहेर येताना पुन्हा अंघोळ, आतले कपडे आत, बाहेरचे बाहेर (हा पोरगा पाण्याला भितो असं आई म्हणायची, तिला हे वाचून दाखवा). दारात मुकादम बसतो. त्याला आम्ही साबण म्हणतो, कारण तो दिसेल ती वस्तू धुतो. एकदा त्यानं माझा डबा धुतला, आतल्या जेवणासकट. रोज सकाळी तो विचारतो, "नाक काय म्हणतंय?" ज्याचं नाक वाहतंय त्यानं घरी बसायचं, आणि घरी बसेल त्याला मजुरी नाही. तुम्ही परत गेलात त्या दिवशी माझं नाक पुष्कळ काही म्हणत होतं. मी म्हटलं, मजेत आहे, आणि कापसाचे बोळे कोंबून आत गेलो. शिंक आली की पाण्याचा पाइप जोरात सोडायचो, आवाजात खपून जायचं. पण नाकात बोळे आणि तोंडावर मास्क म्हटल्यावर श्वास घ्यायचा कुठून? कानांतून येत नाही, मी करून पाहिलं. म्हणून मास्क हनुवटीवर घ्यायचो आणि तसाच नवरदेवाशी बोलायचो. नवरदेव म्हणजे आमच्या शेडमधलं थोरलं डुक्कर. मान ताठ, आग्रह केल्याशिवाय खायला उठत नाही. त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विनवण्या कराव्या लागतात. मी केल्या. मग तो शिंकला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. मी पाइप सोडूनच ठेवला.

आता थोडं शास्त्र येतं. कंटाळू नका, त्यात तुम्ही आहात. आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात की अंगात दोन तऱ्हेची राखण असते. एक शिकलेली. ती तुमच्या पदवीधरासारखी: आलेला कोण, कुठला, याची नीट चौकशी करते, आणि तिची चौकशी होईपर्यंत चोर जेवून हात धुऊन गेलेला असतो. दुसरी उपजत. ती माझ्यासारखी: शाळेत गेलेली नाही, नाव-गाव विचारत नाही, अनोळखी दिसलं की आधी बोंब मारते. अंगातल्या ज्या घरात विषाणू शिरतो ते घर ओरडतं, आणि शेजारची घरं पटापट कड्या लावून घेतात. पण डुकरांच्या फुफ्फुसात शिरणारा एक विषाणू आहे, तो फार पोचलेला. तो शिरल्या शिरल्या घराच्या तोंडावर हात ठेवतो. घर ओरडत नाही, शेजारी दारं उघडी टाकून निवांत, आणि हा इकडून तिकडे हिंडतो, खातो-पितो, पोरंबाळं वाढवतो. (हे ऐकताना मला तुम्ही का आठवलात ते सांगता येत नाही. तुम्हीही खाटेवर बसत म्हणाला होतात, "मी काय परका आहे का?" आणि त्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी जमिनीवर झोपलो. पण तुम्हाला विषाणू म्हणायचं माझ्या मनातही नाही.)

तर बाईंनी हाच विषाणू दोन्ही शेडमधल्या डुकरांच्या नाकात सोडला. पलीकडच्या शेडमधली डुकरं ठरल्याप्रमाणे तापानं आडवी झाली. आमची मात्र खाऊन-पिऊन टुणटुणीत. नवरदेवानं तर बाईंचा बूट ओढून नेला. बाई चक्रावल्या. त्यांनी डुकरांच्या नाकात काड्या फिरवल्या, मग आम्हा कामगारांच्या, आणि डुकरांच्या नाकातली सर्दी माझ्या नाकातल्या सर्दीशी हुबेहूब जुळली. म्हणजे झालं असं की तुमच्या सर्दीनं आधीच बोंबाबोंब करून ठेवली होती. पोचलेला पाहुणा आला तेव्हा घराघराला कड्या.

मला ऑफिसात बोलावलं. मी धुतलेला शर्ट पिशवीत भरूनच गेलो. साहेब म्हणाले, "सगळ्या प्रयोगाची माती केलीस. सर्दी कुणाची ही?"

"मामांची."

"इथं मामा कुठून आला?"

"गाडीनं, साहेब."

साहेब मला तिथल्या तिथे काढणार होते. साबण दारात हात पुसत उभाच होता, मला बाहेर काढायला (आणि नंतर मी बसलो ती खुर्ची धुवायला). पण बाई आड आल्या. म्हणाल्या, ही सर्दी इतकं कशी ओरडते ते मला पाहायचंय, एवढी बोलकी सर्दी अजून पाहिली नाही. (मी म्हटलं, आमचं घराणंच तसं.) मग जपून ठेवलेल्या काड्यांच्या बाटल्या काढायला फ्रीज उघडला, तर तो लख्ख. साबणानं फ्रीज धुतला होता. आतली एकूण एक बाटली धुऊन, पुसून, पालथी घातली होती. तोवर डुकरं बरी झालेली आणि माझं नाकही कोरडं. बाईंनी माझं पुन्हा तपासलं, जिभेनं चुक-चुक केलं आणि कागद पुढे ओढला. मूळ स्रोत? मामा. वय? साठीला टेकलेले. लक्षणं? मी म्हटलं, आहेत, पण मान्य करत नाहीत.

साहेबांनी निकाल दिला: महिनाअखेरीपर्यंत ती सर्दी आणून दे, तरच कामावर ठेवतो. नाहीतर शर्ट पिशवीत आहेच. मामा, इथून निघालो तर मला दुसरीकडे कुणी ठेवणार नाही. डुकरांना आजारी पाडल्याबद्दल हाकललेले पुष्कळ असतील, त्यांना निरोगी ठेवल्याबद्दल हाकलला गेलेला मी पहिलाच. मग मला तुमच्याकडेच यावं लागेल, आणि तुमच्या घरी खाट एकच आहे.

तुमचा भाचा

ता. क. आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही अजून शिंकता आणि अजून धूळ म्हणता. फार आनंद झाला. ती तशीच जपा. मामींनी वाफेसाठी पातेलं चढवलं की घराबाहेर पडा.

ता. क. पुन्हा. वर विषाणूवरून जे आलं ते मनावर घेऊ नका. नवरदेव तुमच्यामुळे जिवंत आहे. तुम्हाला खाट देईन, मी जमिनीवर झोपेन, आणि "परका आहे का" हे या वेळी मीच आधी म्हणेन.

ता. क. शेवटचं. बरं, तुमचंच खरं धरू. सर्दी माझी होती, ओलही माझीच. म्हणजे माझी वस्तू तुम्ही न विचारता घेऊन गेलात. आता माझी मला आणून द्या, रुमालात न सांडता. परतीचं भाडं बाई देणार आहेत, पण शिंक आल्यावर. तोवर सोबत एकेरी भाड्याचे पाठवतो, रुपये सातशे चाळीस.