न पोहोचलेल्या ईमेलनी भरलेली डिस्क

प्रति,
मा. संगणक विभागप्रमुख,
भूकंपनोंद केंद्र

विषय : वडिलांनी संगणकावर सुरू केलेले काम येत्या सोमवारी बंद न करण्याबाबत
संदर्भ : सूचनाफलकावरील आपली नोटीस, दि. २४ फेब्रुवारी

महोदय,

आपल्या नोटिशीत माझ्या वडिलांच्या कामाला 'मृत कर्मचाऱ्याचे बेवारस काम' म्हटले आहे. वारस मी आहे. आपण सांत्वनाला घरी आला होतात, तेव्हा आपली ओळखही झाली होती.

१. हे काम चौदा महिने चालू आहे. भूकंपाच्या जुन्या कागदी आलेखांचे एकेक पान वाचून संगणक त्याचे आकडे करतो. एकतीस वर्षांची पाने आहेत. दोन महिन्यांचे काम उरले आहे. मध्येच थांबवले तर ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. थांबल्या जागेवरून पुढे जाण्याची सोय वडिलांनी ठेवायला हवी होती, ती राहिली. त्यांची चूक मी झाकत नाही.

२. हे काम रोज डिस्क खाते, ही आपली तक्रार खरी आहे. कारण मात्र आपण पाहिलेले नाही. सोबतची यादी आपल्याच यंत्रचालकांनी काढून दिली. तीत आकड्यांचा फोल्डर जेमतेम वाढलेला दिसतो. फुगला आहे तो न पोहोचलेल्या ईमेलचा. पान वाचून झाले की संगणक त्याच्या चित्रासह वडिलांना ईमेल करतो आणि तो पोहोचला की स्वतःजवळची प्रत पुसतो. वडील २० जानेवारीला, मंगळवारी गेले. शुक्रवारी आपण त्यांचे ईमेल खाते बंद केलेत. तेव्हापासून एकही ईमेल पोहोचलेला नाही आणि एकही प्रत पुसली गेलेली नाही.

३. ही यादी घेऊन हे सांगायला मी तीनदा आले. आपले साहाय्यक म्हणाले, "ताई, बाबा सुटले, आता मशीनलाही सुटू द्या की." बाकावरचे दोघे हसले. खाते तीन दिवसांत बंद करणाऱ्या कार्यालयाला एकपानी यादी वाचायला नोटिशीनंतरचे नऊ दिवस पुरलेले नाहीत.

तरी काम थांबवू नये. ईमेलसाठी वडिलांच्या जागी माझा पत्ता घालावा. साठलेले सगळे मला पोहोचले की डिस्क आपोआप मोकळी होईल. यंत्रचालकांच्या मते हे दहा मिनिटांचे काम आहे.

ते ईमेल न पाठवता पुसून टाकणे याहून सोपे आहे, हे मला माहीत आहे. तसे करू नये. आज किती पाने झाली, एवढीच बातमी वडील रोज जेवताना मला देत. त्या मंगळवारनंतर किती झाली, ते मला अजून कळलेले नाही.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
दिवंगत आलेख निरीक्षकांची मुलगी
दि. ५ मार्च

सोबत : १) फोल्डरांची यादी, एक पान
२) माझा ईमेल पत्ता, ठळक अक्षरांत