बस अक्काच्या नावावर

ता. ४ फेब्रुवारी

ति. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. कारखान्यातल्या बायकांची ने-आण करायचं कंत्राट यंदाही आपल्याकडेच राहिलं. तुझी भावजय म्हणते, इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून अक्काला हुकूम सोडायला वेळच वेळ आहे, मग पत्र का नाही?

एक किरकोळ काम आहे. प्रवासी गाडी चालवायची तर गाडीबरोबर धंदा करणाऱ्याचीही नोंदणी लागते. ती आता तुझ्या नावानं करावी म्हणतो. मालकीण तू, राबायचं मी! सोबतच्या कागदावर फुलीपाशी सही करून धाड. जरा लवकर.

लोभ आहेच, त्यात भर घाल.

तुझा,
धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गुडघे माझ्याइतकेच हट्टी आहेत. कागद मिळाला, सही केलेली नाही.

लहानपणी माझ्या वाट्याचा खाऊ फस्त केलास की तू न सांगता मला पाणी आणून द्यायचास. तेव्हापासून तुझ्या प्रेमाला भरतं आलं की मी आधी डबे तपासते. इतकी वर्षं तुझ्या नावावर चाललेला धंदा एकाएकी माझ्या नावावर कशाला? तुझ्या नोंदणीचं काय झालं? कागदात लिहिलंय की गाडी सुस्थितीत ठेवायची जबाबदारी नोंदणी करणाऱ्याची. मी तर तुझी बस अजून आतून पाहिलेलीही नाही.

राग मानू नकोस, पण उत्तर सरळ दे.

अक्का

ता. १४ फेब्रुवारी

ति. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू नर्स कशाला झालीस? पोलिसात शोभली असतीस. अगं, मुदत संपली, एवढंच. बाईच्या नावानं काम लवकर होतं म्हणतात. बस अगदी ठणठणीत आहे. उगाच खुसपटं काढू नकोस. सख्ख्या भावावर विश्वास नसेल तर तसं स्पष्ट लिही.

रागावलो असलो तरी तुझाच,
धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

स्पष्ट लिहिते. काल सकाळी मी तुझ्या बसमध्ये होते, मागच्या बाकावर, रुमाल बांधून. पुलाचा उतार आला तशा सगळ्या बायकांनी गप्पा थांबवून पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरली. शेजारणीनं हसत सांगितलं, की इथे धरायचंच असतं, सवय होते. ड्रायव्हर ब्रेकवर पाय आपटत होता. कारखान्याच्या फाटकाशी बस कशीबशी थांबली, तर दार उघडण्याआधी त्यानं उडी मारून चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला.

तिथून वाहतूक कचेरीत गेले. तुझी नोंदणी संपलेली नाही. ब्रेक तपासणीत नापास झाले म्हणून ती थांबवली आहे. म्हणजे दुरुस्ती करायच्या ऐवजी तू बहीण शोधलीस!

उतारावरून आलेली माणसं इस्पितळात कशी येतात ते मी जन्मभर पाहिलंय. सही विसर. ड्रायव्हरनं मला ओळखलं होतं. परत फाटकाशी येऊन बसची किल्ली मागितली, तर सुटका झाल्यासारखी त्यानं ती माझ्या हातात ठेवली. ब्रेक बदलल्याचं कळव, मग ये आणि घेऊन जा.

आशीर्वाद आहेत, आणि धाकही.

अक्का

ता. २६ फेब्रुवारी

ति. वन्संना सा. न. वि. वि.

कळवू नको असं बजावलंय, तरी लिहिते. तुमचं पत्र वाचून यांनी थयथयाट केला. ब्रेक चालतात हे करूनच दाखवतो म्हणाले. काल रविवारी, घरातली दुसरी किल्ली घेऊन, रिकामी बस घेऊन एकटेच पुलावर गेले. मी अडवलं, ऐकलं नाही.

उतारावर बस थांबलीच नाही. फाटकाशेजारची भिंत पाडून आत घुसली. यांचं खांद्याचं हाड मोडलंय, कपाळाला टाके आहेत. जिवावरचं टळलं. बसचं तोंड पार आत गेलंय.

वन्सं, इतर दिवशी कारखान्याची पाळी सुटली की बायका त्याच भिंतीला टेकून बसची वाट बघतात.

ओरडायचं ठरवून येत असाल तर नका ओरडू. हे पडल्या पडल्या एकच विचारतात, त्या भिंतीपाशी एरवी किती जणी उभ्या असतात. मी अजून सांगितलेलं नाही.

लवकर या, माया असू द्या.

तुमची,
भावजय