सेकंड्सची मलमल

७ जानेवारी १९९६
संकल्प: पाडव्याच्या आत गोड बातमी. मिल बंद पडली, मी नाही. पलासियाच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी माझीही तपासणी सांगितली. फॉर्मॅलिटी. इतकी वर्षं औषधं शैलजाच घेतेय, म्हणजे दोष कुठे आहे ते उघड आहे. तिला तसं कधी बोललो नाही. मी समजूतदार नवरा आहे.

१९ जानेवारी
शुक्राणू शून्य. लॅबची चूक. पुन्हा दिलं. पुन्हा शून्य. यंदा थंडी फार.

११ फेब्रुवारी
मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला. माणसात क्रोमोसोम सेहेचाळीस, माझ्यात सत्तेचाळीस. जन्मापासून एक जास्त. कमी तर नाही ना! फोल्डिंग खात्यातला जुना दोस्त मनीष आता भंवरकुआंला पोहे विकतो. त्याला मोघम सांगितलं. म्हणाला, भिया, एक्स्ट्रा है तो निकलवा दो. मलाही तेच वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो पेशीपेशीत आहे, काढता येत नाही. वयाने लहान आहेत, शिकतील.

३ मार्च
मुंबईला जायचं. आता म्हणे एक शुक्राणू मिळाला तरी सुईने काम होतं. एक तर असेलच. मिलमधून शेवटच्या दिवशी आणलेली मलमल शैलजाला ट्रंकेतून काढायला लावली. दुपटी शिवायला घे म्हटलं. तिने घडी उन्हात ठेवली, कात्री लावली नाही.

१२ मार्च
मुंबईत वृषणाचा तुकडा काढून तपासला. एकही नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे आमचा इलाज नाही. दुसऱ्याचं बीज घ्या किंवा मूल दत्तक घ्या. परतीच्या बसमध्ये शैलजाला समजावलं की दोष तसा दोघांचाही असतो. मानपूर आलं तेव्हा तिने विचारलं, मग माझी औषधं नि सोळा सोमवार कुणासाठी होते? मी झोपेचं सोंग घेतलं.

२० मार्च, पाडवा
सकाळी पाहतो तर चक्का दुपट्यांच्या मलमलीत टांगलेला. रागावलो. शैलजा म्हणाली, पडून राहण्यापेक्षा बरं. सोडवायला जवळ गेलो. ताण्यात, म्हणजे उभ्या विणीत, एक धागा जास्त दिसला. तेव्हा आठवलं, मिलचा तपासनीस म्हणून सेकंड्सचा, म्हणजे सदोष मालाचा, शिक्का मीच मारला होता, म्हणून तर हा पीस घरी आणता आला. एवढ्या धाग्यासाठी असे कितीतरी पीस बाजूला टाकले. कापड म्हणून त्यात काही कमी नव्हतं.

जेवताना रडू आवरेना. शैलजाने विचारलं, श्रीखंडात साखर कमी पडली का. मी म्हणालो, नाही, बरोबर आहे. तिने आणखी एक चमचा वाढलं.