आढ्याला धरलेले हात

पिरंगुट
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय धनाजीदादास,

सगुणाचा दंडवत. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलंय, त्यावर फार विसंबू नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. मी तुझ्या लेकाचं, मल्हारचं, नाव काढलं की तुझी रेंज जाते आणि 'शेळ्या कशा आहेत' म्हटलं की परत येते. मालेच्या डोंगरावरचा टॉवर एवढा समजूतदार असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. हैबतरावाची जीप वर येतेय, त्याच्याकडे देतेय. आणि ते कल्पनावहिनींनी मोठ्यानं वाचायचं आहे. तू स्वतः वाचलंस तर दुसऱ्या पानावर तुला अचानक एखादी शेळी आठवेल. वहिनी, हा उठून चालू लागला तर थांबू नका. आवाज चढवा. शेळ्यांनाही कळू दे.

शाळा सुरू झाली. नववीतल्या एका पोरानं 'माझा आवडता प्राणी' या निबंधात आमच्या मुख्याध्यापकांचं वर्णन केलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले, त्यामुळे सध्या मला कुठल्याच समितीत घेत नाहीत. रविवारचं सदरही चालू आहे. या खेपेला कोळवणच्या फार्महाऊसवाल्यांवर लिहिलं. हे लोक डोंगराला कुंपण घालतात आणि मग कुंपणाच्या आत उभं राहून 'इथे किती मोकळं वाटतं' म्हणतात. वाचकांची पत्रं आली. निम्मी फार्महाऊसवाल्यांची होती, आणि प्रत्येकाला वाटलं की मी शेजाऱ्यावर लिहिलंय.

बघ, मी अजून मुद्द्यावर आले नाही. दुसऱ्यांवर लिहिताना माझी लेखणी कशी भराभर चालते.

चैत्रातल्या जागरणापासून आपण नीट बोललो नाही. पंगत बसत होती आणि मी खुर्ची मागितली. तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "आणा रं खुर्ची! मास्तरीणबायच्या लुगड्याला माती लागंल." सगळे हसले. मग माझं तोंड गप्प बसणार होतं होय? मी म्हटलं, "खुर्ची नसेल तर बोकडावर बसते. त्याची पाठ तरी या घरातल्या माणसांपेक्षा सरळ आहे." तेव्हाही सगळे हसले, पण तू पंगतीतून उठून गेलास. मला वाटलं, गेलेल्या बापाची, आबाची, वाकलेली पाठ मी चव्हाट्यावर आणली म्हणून तुला लागलं. लागायलाच हवं होतं. मलाही घरी येताना जीपमध्ये लागलं.

पण खुर्ची कशासाठी मागितली होती ते तेव्हा सांगितलं नाही. पुण्याची हवा लागली म्हणालात, ते मला चाललं. दया करून कुणी हाताला धरून बसवलं असतं तर ते चाललं नसतं. दादा, मला खाली बसता येत नव्हतं. बसले असते तर उठवायला तुलाच यावं लागलं असतं, आणि मग तू काय म्हणाला असतास ते मी सदरात छापू शकले नसते.

आता आबाचं बोलू. तुझ्याइतका आबा कुणाला आठवणार?

आपण लहान होतो. जेठाचा पाऊस डोंगरावर उतरायच्या आत मेंढरं घेऊन पूर्वेला निघायचो, कारण मुळशीच्या पावसात मेंढीचे खूर सडतात. आई घोड्यावर भांडी लादायची, त्या भांड्यांच्या मधे मला कोंबायची, आणि आबा पुढं चालायचा. चालताना तो कसा दिसायचा आठवतंय? ताठ. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावरून टाकलेले. दिवस मावळेपर्यंत त्याला कुणी 'दमला' म्हणायची हिंमत केली नसती. आणि कार्तिकात घरी परतलो, पावलं थांबली, की हाच माणूस पहाटे वेगळा असायचा. सगळ्यांच्या आधी उठायचा, भिंत धरत धरत खोपटाच्या मधोमध यायचा, आणि दोन्ही हात वर करून आढ्याला धरून उभा राहायचा. टाचा उचललेल्या, डोळे मिटलेले. असा किती तरी वेळ. मग हळूहळू सरळ व्हायचा, जसा काही कुणी वरून ओढून घेतोय.

आपण त्याला 'आबाची पूजा' म्हणायचो. मी गोधडीतून बघायचे आणि मला वाटायचं, आढ्यात खंडोबा राहतो. तू एकदा वर चढून शोधलाही होतास. सापडलं मधमाश्यांचं पोळं.

मग कुंपणं आली, चराई गेली, आबानं मेंढरं विकली आणि तो ओट्यावर बसला. बसला तो वाकतच गेला. सगळी वाडी म्हणाली, मेंढरं गेली त्याच्या दुःखानं बहिरू वाकला. दुःख होतंच. पण दादा, त्याला सरळ ठेवलं होतं चालण्यानं. हा आजारच उलटा आहे. हातापायाचं दुखणं विसाव्यानं बरं होतं, हे दुखणं विसाव्यानं वाढतं आणि हालचालीनं उतरतं.

हे मला कुणी सांगितलं? पुण्यात संधिवाताच्या एक डॉक्टर आहेत, सायलीताई. संधिवाताच्या भावकीत बरेच जण आहेत म्हणाल्या. एक बोटांच्या सांध्यांत शिरतो. त्याचा चुलत भाऊ पाठीच्या कण्यात आणि माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना असलेल्या सांध्यांत शिरतो. आपल्या घरात तो चुलत भाऊ राहायला आहे. आबाच्या कण्याचे मणके एकमेकांना जुळून गेले असणार, कळकाच्या पेरांसारखे. आणि माझ्या घरी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिला लोंबकळते. आढं मिळालं नाही, चौकटीवर भागवते.

तर अशी माझी बातमी. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन घेते, खूप बरी आहे, पंगतीला आता बसून दाखवीन.

माझं रक्त तपासलं तेव्हा सीआरपी चाळीसच्या वर निघालं. ते पाचाच्या आत असावं लागतं. शरीरात कुठं जाळ लागला की यकृत हे द्रव्य रक्तात सोडतं. दुसरी तपासणी ईएसआर. रक्त बारीक नळीत तासभर उभं ठेवतात आणि तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते मोजतात. जितक्या लवकर बसतील तितका आत दाह जास्त. माझ्या तर शाळा सुटल्यासारख्या पळत सुटल्या. आणि काय सांगू, तो कागद हातात आल्यावर माझी इज्जत वाढली! आधी 'बाईंचं सतत काही तरी दुखतं' म्हणणारे मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी स्वतः खुर्ची सरकवत म्हणाले, "सीआरपी चाळीस? अरेरे!" दुखणं आदल्या दिवशीही तेवढंच होतं. पण आता त्याला आकडा होता.

आणि मल्हारला आकडा मिळाला नाही. इथेच सगळं अडलंय.

भाऊबीजेला मी तुझ्याकडे मुक्कामाला होते. पहाटे तू ओरडत होतास, "उठ की रं मल्ल्या, ऊन कमरंवर आलं! बाविशीचा घोडा आन् म्हाताऱ्यावानी लोळतुया!" ऊन अजून कुठंच नव्हतं, पण ते असो. मी बाहेर आले. गोठ्याचं दार लोटलेलं होतं. आत मल्हार दोन्ही हात वर करून आढ्याला धरून उभा होता. टाचा उचललेल्या, डोळे मिटलेले. दादा, माझ्या हातातला तांब्या पडला. त्यानं दचकून हात सोडले आणि म्हणाला, "आत्या, दादांना सांगू नगं. ते म्हनत्याल, नवं नाटक काढलं."

मग उन्हं वर आली आणि हाच पोरगा गवताचा भारा घेऊन डोंगर उतरला. तू मला म्हणालास, "बग, आता कसा पळतुया. सकाळीच काय धाड भरती ह्येला?"

हीच धाड, दादा. ती सकाळीच भरते.

वहिनींनी त्याला पौडला नेऊन रक्त तपासलं. सीआरपी ठीक, ईएसआर ठीक, संधिवाताचा म्हणतात तो घटक नाही. तू निकाल दिलास, "रगात निर्मळ हाय. खोट पोरात हाय." आणि आता कोळवणच्या बंगल्यावर त्याला रखवालदाराची नोकरी बघितलीस. रात्रभर एका खुर्चीत बसायचं. आळशाला बसायचीच नोकरी, असा तुझा हिशेब. आबाला ओट्यावर बसवून काय झालं ते बघितलेला माणूस तू, आणि त्याच्या नातवाला खुर्चीत बसवतोस.

वहिनी, पुढचं दोनदा वाचा.

या चुलत भावाची लबाडी अशी की बऱ्याच जणांच्या रक्तात तो पाऊल उमटूच देत नाही. आणि संधिवाताचा तो घटक तर यात मुळी सापडतच नाही, माझ्यातही नाही. वहिनी रात्री राखेखाली शेणी झाकून ठेवतात ना? वरून चूल थंडगार. तू लांबून बघून म्हणशील, विझली. हात घाल मग. मल्हारच्या रक्ताचा कागद म्हणजे ती वरची राख आहे. आत विस्तव आहे का, हे माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय काढल्यावर कळेल. सायलीताईंनी गुरुवारची सकाळ दिली आहे. कदाचित काहीच निघणार नाही. मग मी तुझ्या अंगणात मांडी घालून बसेन आणि तू मला हवं ते बोल. पण असेल आणि आता धरलं, तर हाडं जुळायच्या आत आवरता येईल म्हणाल्या. जुळलेली हाडं मात्र कुणी सोडवू शकत नाही.

ते तुला मी सांगायला नको. आबाला तिरडीवर ठेवला तेव्हा त्याची मान लाकडाला टेकेना. अधांतरी राहिली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तू आत गेलास, त्याचीच घोंगडी आणलीस, चौघडी केलीस आणि मानेखाली सरकवलीस. झोपलेल्या लेकराला उशी सरकवतात तशी. त्या दिवसापासून मी तुझ्यावर कितीही लिहू शकले असते, पण लिहिलं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या ओरडू नकोस. पहाटे उठ, गोठ्याशी जा, दाराआड उभा राहा आणि बघ. बघून झाल्यावरही तो आळशी वाटला, तर खुशाल कोळवणला धाड. नाही वाटला, तर गुरुवारी पहिल्या एसटीत बसव. मी पिरंगुटच्या थांब्यावर उभी असेन. उभीच असेन, मला तेच सोपं पडतं.

वहिनी, पत्र संपलं. लगेच 'मी म्हणत नव्हते का' म्हणू नका. त्याचा चहा होऊ द्या.

आढ्यात खंडोबा आहे असं अजूनही थोडं मानणारी,
बहिरूची लेक,
सगुणा


मु. वाडी, माले
बुधवार

चि. सगुणास धनाजीचा आशीर्वाद. लिवणार कल्पना.

तुजं पत्र पोचलं. तुज्या वैनीनं येवढ्या मोठ्यानं वाचलं का पल्याडच्या वाडीतनं इचारत आले, कोण गेलं म्हनून. शेळी मला आठवली व्हती. पर उठलो न्हाई.

सोमवारी पहाटं गोठ्याशी गेलो. बगितलं. पोरगं तसंच हुबं व्हतं. दाराआडनंच माघारी आलो.

(हे खोटं हाय. ते आत गेले आन् पोराच्या शेजारी हुबे ऱ्हायले. मी चुलीपासनं बगत व्हते. कल्पना)

सगुणा, आता तुला येक सांगतो, कल्पनालाबी आज पैल्यांदाच सांगतोय, तिचा हात थांबलाय, तिला म्हनलं लिव. आढ्याला मीबी धरतो. लगीन व्हायच्या आदीपासनं. समद्यांच्या आदी उठतो ते त्येच्यासाठी. मला वाटायचं, बाप्या मानसाचं सकाळी असंच असतंय, समद्यांचंच असतंय, कोन बोलत न्हाई येवढंच. आबा कदी बोलला? मग मी गुमान उटून कामाला लागतो तर ह्या पोरानं का लोळावं, असा राग यायचा. त्येचं दुखनं खोटं वाटायचं न्हाई गं. माज्यावानीच वाटायचं, म्हनून तर राग यायचा.

चैताच्या पंगतीत बोकडाचं बोललीस, ते मला आबासाठी लागलं न्हाई. मला वाटलं, हिनं माजी पाठ वळखली.

कोळवणच्या सायबाला न्हाई म्हनून कळवलं. त्यो म्हनला, दुसरा मानूस बगून द्या. म्हनलं, बोकड हाय.

मल्हारला येकट्याला पाटवत न्हाई. मीबी येतुया. शेळ्या कल्पना बगंल. तुज्या डाक्टरीणबाईला इचारून ठेव, पन्नाशीच्या मानसाचं बगत्यात का, का जुळलं ते जुळलं. जुळलं आसंल तरी चालंल. पोराचं आदी बगा.

येष्टीत दोगं हुबंच येऊ. पर दवाखान्यात खुर्ची आसंल, तर बसंन म्हनतो.

तुजा दादा