देवराईतली तार हरवलेली नाही, याबाबत

प्रति,
मा. संपादक अधिकारी,
इतिहास पुस्तिका विभाग,
सिग्नल कंपनी (आता विसर्जित), पुणे.

विषय : सिग्नलमन जानकू असवले यांच्या नावापुढील 'निष्काळजीपणामुळे तार हरवली' हे वाक्य छपाईआधी काढून टाकणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'आधी तार जमा करावी, मग विचार करू' या आशयाचे.

महोदय,

अर्जदार कु. श्रेया भरत असवले, इयत्ता दहावी, राहणार आहुपे, ता. आंबेगाव. आधीचे अर्ज तिने वडिलांच्या नावाने केले होते. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून ती स्वतःच्या नावाने लिहिते, याची कृपया नोंद घ्यावी.

१. अर्जदाराचे आजोबा जानकू लष्करातल्या आपल्या सिग्नल कंपनीत लाईनमन, म्हणजे टेलिफोनच्या तारा टाकणारे जवान होते. एकदा सरावासाठी त्यांची तुकडी आहुप्यालाच आली. घरचा माणूस म्हणून आजोबा लई खुशीत सगळ्यांच्या पुढे. टेलिफोनची तार कड्यापर्यंत न्यायची होती आणि जवळची वाट देवराईतून होती. त्यांनी ती झाडाझाडांवरून नेली. तेव्हा कोणी हटकले नाही, कारण देवाच्या रानात वस्तू न्यायला बंदी नाही. बंदी आहे ती बाहेर काढायला. तिथली वाळकी काटकीसुद्धा आमच्याकडे चुलीत जात नाही.

२. सराव संपून तार गुंडाळायची वेळ आली, तर आजोबांची आई ठमाबाई वाटेत उभी. "जानक्या, आत गेलं ते देवाचं झालं. तार सरकारची आसंल, रान न्हाई सरकारचं." तुकडीचे साहेब आधी हसले, मग आजोबांना म्हणाले, ओढ. आजोबांनी तारेला हात लावला आणि मागे घेतला. तोवर गाव गोळा झाला होता. भांडण नको म्हणून साहेबांनी 'हरवली' असे लिहिले. हरवली म्हटल्यावर कोणीतरी ती हरवलेली असायला हवी, म्हणून आजोबांचे नाव. गावावर केस नको, म्हणून आजोबाही गप्प. निघताना साहेब एवढेच म्हणाले, "जानकू, खरं काय ते कंपनीला माहीत आहे." त्या एका वाक्यावर आजोबा आजवर जगले.

३. तार आजही तिथेच आहे. हिरड्याच्या खोडाने तिला गिळले आहे, दोन्हीकडून टोके दिसतात. जमा करायची तर बाहेर काढावी लागते, आणि बाहेर काढता येत नाही. फोटो पाठवला, तर झाड कुठलेही असू शकते असे आपण कळवले. येऊन पाहा म्हटले, तर विसर्जित कंपनीला प्रवासाची तरतूद नाही. मग अर्जदाराने काय, झाड घेऊन यावे? तेही बाहेर काढता येत नाही.

४. पुस्तिकेची कच्ची प्रत अर्जदाराने एकटीने वाचली. आजोबांना सांगितले नाही. सहज विचारल्यासारखे विचारले, "आबा, ती तार आणायची का काढून?" ते म्हणाले, "आई व्हती तवा तिचं ऐकलं. आता ती न्हाई म्हणून काढू व्हय गं?" पुढे विचारायची अर्जदाराची हिंमत झाली नाही, आणि ती सहसा गप्प बसणारी नाही.

५. आजोबांना आता दिसत नाही. पुस्तिका येणार, श्रेया वाचून दाखवणार, म्हणून पोस्टमनची सायकल वाजली की ते ओट्यावर येतात. कंपनीने खरे लिहिले असणार याबद्दल त्यांना शंकाच नाही. अर्जदाराने ते वाक्य गाळून वाचावे, तर तेही जमणार नाही. सिग्नलचा नियम आजोबांनीच तिला लहानपणी शिकवला : निरोप जसा आला तसाच पुढे द्यायचा, आपल्या मनाचा शब्द घालायचा नाही, त्यातला गाळायचा नाही.

तरी वाक्य काढणे शक्य नसल्यास एवढी मेहेरबानी व्हावी, की आमच्या पत्त्यावर पुस्तिका पाठवू नये. आजोबा वाट पाहतील. ते चालेल.

उत्तराची फारशी आशा न ठेवता, तरीही आपली नम्र,
श्रेया भरत असवले
आहुपे, दि. ७ जानेवारी २०२५

सोबत :
खोडातल्या तारेचा फोटो (पुन्हा).
गावकऱ्यांच्या सह्या व अंगठे.
तारेचा तुकडा जोडलेला नाही. कारण वर दिले आहे.