भेट की आठवण

नाना,

परवा निफाडला तुमच्या भाचीकडे गेले होते. तिने पाणी दिलं ते तुमच्या फुलपात्रात, म्हणजे तुमच्या तेराव्याला आम्ही वाटली त्यातल्या एकात. बारा वर्षं ते तिच्याकडे रोज तारेच्या घासणीने घासलं जातंय. उजेडाकडे तिरपं धरलं तेव्हा सुरुवातीचं 'कै.' दिसलं आणि शेवटच्या 'स्मरणार्थ'मधली एकदोन अक्षरं. मधलं तुमचं नाव गेलंय. "मशीनचं काम, ताई. टिकतंय कुठं? मामांनी हाताने टाकलं असतं ना..." असं म्हणून तिने जीभ चावली. स्वतःच्या नावाला 'कै.' कोण लावणार? आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले. म्हणून हे लिहितेय.

भांडी बाजारात दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून तुम्ही चाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. एवढीशी छिन्नी, एवढीशी हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावून उमटणारं तुमचं ते टपोरं अक्षर. समोर भांडं आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "भेट की आठवण?" लग्न, बारसं, वास्तुशांत असेल तर भेट. माणूस गेलं असेल तर आठवण. आठवण हा शब्द तुमच्यासाठी मनातल्या कशाचा नव्हताच. "आज चार आठवणी राहिल्यात," असं तुम्ही घरी येऊन सांगायचात, तेव्हा चार तांबे किंवा चार डबे उद्यावर गेलेले असायचे. माझ्या शाळेच्या ऑफिसात एका बाईंच्या निरोप समारंभाला लाकडी पाटी दिली, तिला मी 'स्मृतिचिन्ह' म्हटलं, तर तुम्ही नाक मुरडलंत. "ते कपाटात बसतं. आठवण वापरायची असती. रोज खरकटी व्हायला पाहिजे, रोज घासायला पाहिजे. नाव झिजून गेलं की समजायचं, माणूस सुटला." मला तेव्हा हे बोलणं अडाणी वाटलं होतं. शाळेत कारकून म्हणून मी नोकरीला लागून वर्षच झालं होतं, मला बरंच काही अडाणी वाटायचं.

त्याच वर्षीचा एक शनिवार. अर्धी शाळा सुटल्यावर मी बाजारात यायचे आणि आपण दोघं चालत घरी जायचो. मी पायरीवर बसलेय, तुम्ही हत्यारं फडक्यात गुंडाळताय, तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घातलेला एक माणूस नव्या ताटांची चळत घेऊन येतो. आईच्या स्मरणार्थ टाकायचंय म्हणतो. तुम्ही गुंडाळी पुन्हा उलगडता.

"कधी गेल्या?"

"नाही, अजून आहे. पण डॉक्टरांनी सांगितलंय, दोन दिवस फार तर. नंतर धावपळ होते हो."

तुम्ही सगळी चळत उचलून त्याच्या हातात परत ठेवलीत. "घरी जावा साहेब. त्यांना पाणी पाजा. ताटं मग आणा."

तो चिडला. बाजारात तुम्ही एकटेच आहात का, म्हणाला आणि निघून गेला. वाटेत मी तुमच्याशी भांडले. त्याचं काय चुकलं? व्यवहारी माणूस आहे, वेळेवर सगळं करतोय. गोदावरीच्या पुलावर तुम्ही हत्यारांची गुंडाळी दुसऱ्या बगलेत घेतलीत. मग एवढंच म्हणालात, "पोरी, तिचा श्वास चालू हाय अजून." मी तुम्हाला हट्टी म्हणाले. जुन्या वळणाचे म्हणाले. अजून एक शब्द वापरला होता, तो लिहवत नाही.

पाचसहा वर्षांनी तुमच्या फुप्फुसांनी हात टेकले. दवाखान्यातून सांगितलं, घरी न्या, चार दिवस, फार तर आठवडा. मे महिना होता. लगीनसराईत नाव टाकणाऱ्यांकडे रांगा असतात हे मला तुमच्यामुळेच ठाऊक होतं. एकुलती एक मी, आई चार लोकांत बावरणारी. सगळं मलाच बघायचं होतं आणि मी बघायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो निदान लग्नासाठी तरी उतावळा असतो. भांडी बाजारात जायची माझी छाती झाली नाही, तिथे प्रत्येक पायरीवर तुमच्या ओळखीचं कोणी ना कोणी बसलेलं. रिक्षा करून नाशिकरोडला गेले. मशीनवर एक तरुण होता. मी कागदावर तुमचं नाव लिहून दिलं, पुढे कै., मागे यांच्या स्मरणार्थ. कधी गेले, हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारावं म्हणून मी क्षणभर थांबले होते, हे खरं. संध्याकाळपर्यंत पन्नास फुलपात्रं तयार झाली. पोतं आणून मी तुमच्याच खाटेखाली सरकवलं, कारण दोन खोल्यांत दुसरी जागा नव्हती.

तुम्ही आठवड्यात गेला नाहीत. दहा दिवस झाले, बारा झाले. माझी रजा संपत आली. पोत्याला पाय लागला की आत किणकिण व्हायची आणि मला राग यायचा. नाना, मला तुमचा राग यायचा.

तेराव्या दिवशी मी शाळेत सही करून दुपारी परतले, तर घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं. पाण्याची भांडी कमी पडली म्हणून आईने खाटेखालचं पोतं सोडलं होतं. तिला वाचता येत नाही. तिला वाटलं, पोरीने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी नवी फुलपात्रं आणून ठेवलीत. मावशीच्या हातात एक, शेजारच्या काकांच्या हातात एक. ती दोघं खाली मान घालून बसलेली, पाण्याचा घोट न घेता. आणि एक तुमच्या हातात. तुम्हाला उशीला टेकवून बसवलं होतं. तुमचा अंगठा काठाखालून हळूहळू सरकत होता, डावीकडून उजवीकडे, जसा काम झाल्यावर तुम्ही फिरवून बघायचात. शेवटच्या अक्षरापर्यंत गेला आणि थांबला. तुम्ही वर पाहिलंत, सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर फुलपात्र भिरकावणार. भिरकावलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही ते माझ्यापुढे धरलंत.

"पाणी दे," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही आठ दिवस होतात आणि आईने दुसऱ्या भांड्यातून दिलं की तोंड फिरवायचात. "नव्या फुलपात्राचा सोस लागलाय बघ यांना," आई कौतुकाने सांगायची. अजून सांगते. ते फुलपात्र मी वाटपातून काढून घेतलं, माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे आहे. त्यावरचं नाव अगदी कोरं करकरीत आहे, कारण त्यातून कोणी पाणी पीत नाही की ते कोणी घासत नाही. तुमच्या हिशेबाने ती आठवण नव्हेच.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, आणि लपवायचंही कारण नाही. टेबलावर उघडं पडलं तरी घरात वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही. आई शेजारीच शेंगा सोलत बसलीये. शाळेचं काही लिहितेस का, म्हणून तिने दोनदा विचारलं, मी हो म्हणाले.

एकच राहिलं. त्या दुपारी मी माठापाशी गेले तेव्हा शेजारीच फळीवर तुमचा रोजचा पितळी पेला होता, रिकामा, धुतलेला. मी पाहिला होता. पण भांडं का बदललंस असं आईने सगळ्यांसमोर विचारलं असतं. म्हणून मी त्याच फुलपात्रात पाणी ओतलं आणि तुम्हाला आणून दिलं.