विमानामागं पळणारी म्हस

आबा, तुमची म्हस काल गेली. मेली नाही, घाबरू नका; विकली. चंदगडचं एक पावणं टेम्पो घेऊन आलं आणि घेऊन गेलं. तुमची म्हणजे तुम्ही बघितलेली नव्हे, तिच्या नातीची पोर. पण आई अजून दावणीच्या प्रत्येक म्हशीला "ह्यांची म्हस" म्हणते, आणि मलाही तीच सवय लागली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गोठ्यातलं काही विकायचं म्हटलं की तुमच्या फोटोपुढं उभं राहून सांगते. ह्या वेळी तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

बावड्यातला भरला गोठा मोडून तुम्ही ह्या माळावर जागा घेतलीत, तेव्हा सगळे हसले होते. "कुसळं खाणार काय म्हशी?" म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "इमानतळ हाय शेजारी. उद्या ह्या माळाचं सोनं हुतंय का न्हाय बघा." तेव्हा विमान क्वचितच यायचं. आवाज आला की आई भाकरी तव्यावर सोडून पदराला हात पुसत बाहेर यायची. तुम्ही मला खांद्यावर घेऊन विमानतळाच्या तारेच्या कुंपणापर्यंत जायचा आणि हात हलवायचा. आतल्या माणसाला आपण दिसतो अशी तुमची पक्की समजूत होती. एकदा मी विचारलं, आपण कधी बसायचं? तुम्ही म्हणालात, "म्हशी कोण बघणार गं?" तेवढ्यावर तो विषय संपला.

आता माळ कुठं राहिलाय आबा? चारी बाजूंनी बंगले, मधे आपला गोठा. विमानं रोज आहेत, आणि पूर्वीसारखी लहान नाहीत. एखादं डोक्यावर आलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात, मांडणीवरची ताटं वाजतात. बोलणारा माणूस वाक्य अर्धं टाकून हात वर करतो, विमान गेलं की तिथूनच पुढं बोलायला लागतो. मध्यंतरी पलीकडच्या गल्लीत मयत झाली होती, तिथं रडणाऱ्या बायकासुद्धा हुंदका गिळून वर बघत थांबल्या. मला हसू आलं आणि मग माझीच लाज वाटली. आईला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं ह्या घरात सुखी तेवढी तीच. शेजारी एक रिटायर साहेब राहतात. ते दर आठवड्याला फाटकाशी येतात. "ताई, शेणाचा वास लई येतोय ओ." मी म्हणते, "आणि डोक्यावरनं जातंय ते?" तर म्हणतात, "त्ये काय आपल्या हातात हाय व्हय?" म्हणजे हातात काय, तर आमची एक म्हस! असा संताप होतो म्हणून सांगू.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही म्हशी पळवायचा, ते मी दारात उभी राहून बघायची. शिंगं रंगवलेली, कवड्यांच्या माळा, मोरपिसं, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल ढणाढणा वाजवत तुम्ही. मागनं म्हस शेपूट वर करून पळतेय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं शिट्ट्या मारतायत. भाऊ म्हस पळवायला शिकू लागला तेव्हा तो नुसती गाडी वाजवायचा आणि पेंडीचं घमेलं दाखवायचा. तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. "गाडीच्या नादाला लावू नगंस. आधी हाळी दे. म्हस मान्साच्या हाळीवर आली पायजे, गाडी काय कुणाची बी वाजती." धपाटा त्याला पडला, पण ते वाक्य मला पाठ झालं. भाऊ आता पुण्यात असतो, सणाला येतो.

तुमच्या मागं माझ्या नवऱ्याचं घर सुटलं, मी इथं परत आले. ही म्हस माझ्या हातात जन्मली. रेडकू होती तेव्हापासून तिला मीच शिकवलं, तुमच्याच गाडीवर. पण हाळी काही दिली नाही मी. कॉलनीत बाईमाणसानं "हर्रर्र या" म्हणून ओरडायचं? गच्चीगच्चीतनं डोकी वर आली असती. म्हणून नुसती गाडी वाजवली आणि घमेलं पुढं केलं. आणि आली की हो ती! पहिल्या पाडव्याला मी गाडीवर पुढं आणि ती मागं, तेव्हा बावड्यातला एक म्हातारा ओरडला, "आयला, आबाची पोरगी हाय ही!" त्या दिवशी मी तुमच्या फोटोला पेढा ठेवला होता.

मग संध्याकाळचं ते मोठं विमान सुरू झालं, नेमकं धारेच्या वेळेला. पहिल्यांदा तिनं कान टवकारले, मान वर केली आणि दावं ताणलं. आम्ही हसलो. तिला वाटायचं, गाडी वाजली, आता पेंड येणार. विमान निघून जायचं, पेंड यायची नाही, आणि ही पान्हा चोरून उभी राहायची. मी कासेला हात लावून बसून असायची, बादलीत दोन धारा. कानात बोळे घालून बघितलं, रेडिओ मोठ्यानं लावून बघितला. धारेची वेळ बदलली, तर आणखी एक विमान त्या वेळेला. डॉक्टर म्हणाला, "जागा बदला, ह्याला औषध न्हाय." जागा बदला म्हणजे काय? तुमचं घर उचलून कुठं नेऊ?

गेल्या पंधरवड्यात तिनं दावं तोडलं. विमान उठलं आणि ही फाटक पाडून त्याच्यामागं. हायवेवर ट्रकचे ब्रेक वाजले ते मला घरात ऐकू आले. मी चप्पल न घालता पळत सुटले. बघते तर पलीकडं तारेच्या कुंपणाला छाती लावून उभी. गुडघे फुटलेले, रक्त येतंय, आणि ही वर आभाळाकडं बघतेय. पेंडीची वाट बघतेय आबा. मी गळ्यात पडून रडले. लोकांनी मोबाईल काढून फोटो घेतले.

आई म्हणाली, "मारून घील एक दिस. दिऊन टाक." मी तिच्याशी दोन दिवस भांडले. मग चंदगडला निरोप धाडला. तिकडं डोंगर, पाऊस, आणि वरनं काही जात नाही.

काल टेम्पो आला तर ही चढेना. फळीवर पाय ठेवायची आणि मागं सरायची. पावणं म्हणालं, "ताई, तुम्ही हाक मारा की. तुमचं ऐकंल." मी टेम्पोच्या पुढं गेले आणि पहिल्यांदाच, गच्चीवरल्यांसमोर, घसा फोडून हाळी दिली. तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पुन्हा दिली. साहेब खिडकीतनं बघत होते. शेवटी गोठ्यातनं तुमची गाडी काढली, टेम्पोच्या तोंडाशी लावली आणि वाजवली. आणि ती चढली हो, पटापट, कान टवकारून, मोठ्या खुशीत. पावण्यानं मागची फळी लावली. मी घमेलं भरून आत ठेवलं, तेवढं तरी खोटं पडू दिलं नाही.

आई काल जेवली नाही. मी जेवले. हे कागद उद्या आंघोळीच्या बंबात घालणार आहे. भावाच्या हाती लागले तर तो उगीच फोनवर रडत बसेल.

कॉलनीत मी सांगितलंय की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आईलाही तेच सांगितलंय. तसं काही झालं नाही, आबा. कितीतरी वर्षांनी पहाटे धारेला उठायचं नव्हतं. मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले, आणि सकाळचं विमान कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही.